पंचगंगेतील मत्स्यमृत्यूचा पूर्वअंदाज आणि ‘ओपन-मेटिओ’ : एका मोफत हवामान-सेवेचे परीक्षण

पंचगंगेवरील तेरवाड बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच पडल्याची बातमी कोल्हापूर जिल्ह्यात आता कोणालाच नवी राहिलेली नाही. पाण्याचा रंग काळपट होतो, उग्र वास सुटतो, एका सकाळी मासे पोटे वर करून तरंगू लागतात, मग पंचनामा होतो, नमुने घेतले जातात, आणि अहवाल हाती येईपर्यंत ते पाणी केव्हाच नृसिंहवाडीच्या संगमावरून कृष्णेत गेलेले असते. या सगळ्यात एक प्रश्न क्वचितच विचारला जातो, तो म्हणजे अशी रात्र येणार हे आधी कळू शकते का. माझ्या मते पुष्कळदा कळू शकते, आणि त्यासाठी लागणारी हवामानाची आकडेवारी आज कोणालाही पैसे न मोजता मिळते. ‘ओपन-मेटिओ’ ही तशी एक सेवा आहे. मी ती याच कामासाठी वापरतो आणि हे परीक्षणही त्या एका उपयोगापुरतेच आहे.

मत आधीच नोंदवून ठेवतो. नदीवरील धोक्याची रात्र कोणती, हे ओळखण्यासाठी मोफत मिळणाऱ्या साधनांत मला यापेक्षा सोयीचे साधन आढळलेले नाही. मासे कोणामुळे मेले, या प्रश्नाला मात्र ही सेवा उत्तर देऊ शकत नाही, आणि कोणी तिच्याकडून ते उत्तर काढू लागला तर नदीचे नुकसानच होईल. या दुसऱ्या मुद्द्याकडे मी पुढे सविस्तर येणार आहे, कारण मला तो सेवेच्या गुणदोषांपेक्षाही महत्त्वाचा वाटतो.

हवामानाचा माशांच्या मरणाशी संबंध काय, हे समजल्याशिवाय कोणते आकडे मागवायचे हेच कळत नाही, म्हणून थोडे त्याविषयी. माशाला लागणारा प्राणवायू पाण्यात विरघळलेला असतो आणि पाणी जितके गरम, तितका तो त्यात कमी मावतो. समुद्रसपाटीच्या दाबाला २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशांच्या पाण्यात सुमारे ७.६. कोल्हापूरचा परिसर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच असल्याने हवेचा दाब कमी असतो, आणि ३० अंशांच्या पाण्याची ही कमाल मर्यादा इथे सातच्या आसपास येते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गीकरणात मत्स्यजीवनास योग्य पाण्यात किमान ४ मिलिग्रॅम प्राणवायू असावा लागतो. म्हणजे मे महिन्यात पाणी अगदी निर्मळ असले, तरी माशांच्या खात्यावर जेमतेम तीन मिलिग्रॅमची शिल्लक असते, आणि त्याच वेळी उष्णतेमुळे त्यांची प्राणवायूची गरज वाढलेली असते. नाल्यांतून आलेले मैलापाणी, कापडप्रक्रियेचे सांडपाणी किंवा मळीमिश्रित पाणी त्यात मिसळले की ते कुजवणारे जिवाणू ही शिल्लक काही तासांत संपवू शकतात.

यात दिवस आणि रात्र यांचा फरक फार मोठा आहे. दिवसा शेवाळ आणि पाणवनस्पती प्रकाशाच्या साहाय्याने प्राणवायू तयार करतात. सूर्य मावळल्यावर तीच शेवाळे, जिवाणू आणि मासे असे सगळेच तो वापरू लागतात आणि सूर्योदयाच्या आधीच्या तासात पाण्यातील प्राणवायू सर्वांत कमी होतो. जलपर्णीने पात्र झाकलेले असेल तर परिस्थिती आणखी बिकट होते, कारण जलपर्णीची पाने पाण्याच्या वर असल्याने तिचा बहुतेक प्राणवायू हवेत जातो आणि पाण्याला मात्र ना प्रकाश मिळतो ना मोकळी हवा. आपल्याकडे त्यात कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांची भर पडते. पावसाळा संपल्यावर बंधाऱ्यांत बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) घातले की रुई, शिरोळ, तेरवाड अशा प्रत्येक बंधाऱ्यामागे पाणी उभे राहते. अशा उभ्या पाण्यात उन्हाळ्यात वरचा थर तापून हलका होतो, खालचा थर थंड राहतो, दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत आणि तळाच्या गाळालगतच्या पाण्यातला प्राणवायू जवळजवळ संपतो. वरच्या थरात मासे तग धरून असतात. वारा सुटला, हवा एकाएकी गार झाली किंवा पाण्याचा लोंढा आला की तळाचे मृत पाणी वर येते आणि संपूर्ण डोहाचा प्राणवायू एकाच वेळी कोसळतो.

ही यंत्रणा ऑस्ट्रेलियातील मेनिंडी येथे डार्लिंग नदीवर जगाने पाहिली. डिसेंबर २०१८ ते जानेवारी २०१९ या काळात तिथे एकामागून एक अशा तीन घटना घडल्या आणि लाखो मासे मेले. नदीचा प्रवाह जवळजवळ थांबलेला होता, बंधाऱ्यामागच्या डोहांत नीलहरित शेवाळ माजले होते, कडक उन्हाने पाण्याचे थर पडले होते, आणि त्यानंतर अचानक आलेल्या थंड हवेने व वाऱ्याने हे थर मोडले. अभ्यासकांच्या समितीने नेमके हेच कारण नोंदवले. त्याच्या मुळाशी वरच्या भागातील पाण्याचा उपसा आणि दुष्काळ होता, हेही नोंदवले. मार्च २०२३ मध्ये त्याच मेनिंडीत पुन्हा अंदाजे दोन ते तीन कोटी मासे मेले, पण या वेळी कारण वेगळे होते : पूर ओसरताना नदीत आलेला सेंद्रिय गाळ आणि त्यावर आलेली उष्णतेची लाट. एकाच जागी प्राणवायू दोन वेगळ्या वाटांनी संपला, दोन्ही वाटांत हवामानाचा हात होता आणि दोन्हींच्या खुणा हवामानाच्या आकडेवारीत आधी दिसत होत्या. पंचगंगेवर आपल्याला अशाच खुणा शोधायच्या आहेत.

ओपन-मेटिओच्या संकेतस्थळावर जाऊन ठिकाणाचे अक्षांश-रेखांश द्यायचे (इचलकरंजीसाठी १६.६९ उत्तर आणि ७४.४६ पूर्व), हव्या त्या घटकांवर खूण करायची आणि तक्ता उतरवून घ्यायचा, इतके हे काम सोपे आहे. नोंदणी लागत नाही, परवलीचा शब्द लागत नाही, आणि संगणकाची भाषा येत नसली तरी तक्ता एक्सेलमध्ये थेट उघडता येतो. बिगर-व्यावसायिक वापरासाठी दिवसाला दहा हजार विनंत्यांपर्यंत (म्हणजे आकडे मागवण्याच्या खेपांपर्यंत) सेवा मोफत आहे आणि एका नदीसाठी त्यातील शंभरावा हिस्साही लागत नाही. अंदाज १६ दिवसांपर्यंतचा मिळतो. जुनी आकडेवारी १९४० पासून, तीही तासागणिक उपलब्ध आहे. ती युरोपच्या मध्यम-पल्ल्याच्या हवामान केंद्राने तयार केलेल्या ‘ईआरए-५’ या संचावर आधारलेली आहे. हीच माहिती मूळ केंद्राकडूनही मोफत मिळते, पण तिथे नोंदणी करून, रांगेत थांबून, विशेष प्रकारच्या फायली उघडण्याचे ज्ञान असावे लागते. सामान्य माणसासाठी ती वाट बंदच आहे असे म्हटले तरी चालेल. ओपन-मेटिओचे मोठे श्रेय हे की तिने ही वाट गावातल्या शाळामास्तरालाही मोकळी करून दिली.

मात्र वापरताना काही ठिकाणी डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते आणि तिथे संकेतस्थळ नवख्याला पुरेसे सावध करत नाही. पहिले म्हणजे वेळ. काही निवडले नाही तर आकडे ग्रीनिच वेळेनुसार येतात, आणि आपल्याकडच्या पहाटे साडेपाचची नोंद तक्त्यात मध्यरात्री बाराची म्हणून दिसते. आपला सगळा रस पहाटेच्या तासांत असताना ही चूक संपूर्ण विश्लेषण उलटेपालटे करते. म्हणून कालविभागाच्या यादीतून कोलकाता निवडल्याशिवाय तक्ता उतरवू नये. दुसरे म्हणजे दाब. यादीत समुद्रसपाटीला आणलेला दाब आणि त्या जागेचा प्रत्यक्ष दाब असे दोन वेगळे घटक आहेत. प्राणवायूची कमाल मर्यादा काढण्यासाठी प्रत्यक्ष दाब हवा, आणि पहिला घेतला तर कोल्हापूरचे पाणी आहे त्यापेक्षा अधिक सुखी दिसते.

तिसरी गोष्ट जुन्या आकडेवारीबद्दल आहे आणि ती अधिक गंभीर आहे. ‘सर्वोत्तम जुळणी’ हा पर्याय तसाच ठेवला तर अलीकडच्या वर्षांसाठी वेगळे, अधिक बारीक प्रारूप (हवामानाचे गणिती मॉडेल) वापरले जाते आणि आधीच्या वर्षांसाठी ईआरए-५. आजच्या एका दिवसासाठी हे चांगलेच आहे, पण वीस वर्षांची तुलना करायची असेल तर मध्येच प्रारूप बदलल्याने आकड्यांत येणारी उडी हवामानातील बदल म्हणून वाचली जाण्याचा धोका असतो. दीर्घ तुलनेसाठी फक्त ईआरए-५ निवडावे. ते सुमारे पाच दिवस उशिरा येते, पण जुन्या घटना तपासणाऱ्याला त्याने काही बिघडत नाही.

मी कोणते घटक पाहतो ते सांगतो. हवेचे तापमान, वाऱ्याचा वेग, पाऊस, आणि दिवसभरात जमिनीवर पडलेली सूर्याची ऊर्जा. शेवटचा घटक बहुतेक जण सोडून देतात आणि मला तोच सर्वांत बोलका वाटतो. एप्रिलमधल्या निरभ्र दिवशी ही बेरीज चौरस मीटरमागे २४-२५ मेगाज्यूलच्या घरात असते. सलग दोन-तीन दिवस आभाळ भरून राहिले की ती निम्म्यावर येते, शेवाळाची प्राणवायू-निर्मिती मंदावते, पण श्वसन चालूच राहते. त्यात रात्री वारा पडलेला असेल, म्हणजे ताशी पाच किलोमीटरच्या खाली असेल, तर हवेतून पाण्यात मिसळणारा प्राणवायूही घटतो. ढगाळ दिवस आणि निवांत, उकाड्याच्या रात्री यांची अशी जोडगोळी मे अखेरीस आणि जूनच्या तोंडावर आपल्याकडे हमखास येते. पाच किलोमीटर ही माझी स्वतःची ढोबळ खूण आहे. प्रत्येक डोहासाठी ती वेगळी ठरवावी लागेल.

दुसरी खूण म्हणजे दीर्घ कोरड्या काळानंतरचा पहिला चांगला पाऊस. वळवाची एक जोरदार सर गटारांत, नाल्यांत आणि कारखान्यांच्या आवारांत महिनोन्‌महिने साचलेले सगळे एका तासात नदीत आणते, आणि नदीत मात्र ते पातळ करण्याइतके पाणी नसते. जुलैमधल्या शंभर मिलिमीटर पावसाने मासे मरत नाहीत. मे महिन्यातल्या वीस मिलिमीटरने मरू शकतात. त्यामुळे नुसता पाऊस किती हे पाहून भागत नाही, त्याआधी किती दिवस कोरडे गेले हेही मोजावे लागते, आणि तासागणिक तक्त्यातून ते एका सूत्रात निघते. तिसरी खूण मेनिंडीची : अनेक दिवसांच्या उष्णतेनंतर कमाल तापमानात एकदम झालेली घट आणि त्याबरोबरचा वारा. वळवाच्या वादळाने दुसरी आणि तिसरी खूण एकाच संध्याकाळी येऊ शकते, आणि माझ्या मते आपल्या बंधाऱ्यांसाठी तीच सर्वांत घातक संध्याकाळ.

या खुणा खऱ्या आहेत की आपण त्या मागाहून जुळवतो आहोत, हे तपासायची रीत सांगणे आवश्यक आहे, कारण अशा कामात लोक इथेच फसतात. वर्तमानपत्रांतून मत्स्यमृत्यूच्या जुन्या तारखा गोळा कराव्यात आणि प्रत्येक तारखेआधीच्या दहा दिवसांचा तक्ता काढावा. मग ज्या वर्षी मासे मेले नाहीत, त्या वर्षांतल्या त्याच दहा दिवसांचा तक्ताही काढावा. नुसत्या घटनांचे तक्ते पाहिले तर मे महिन्यात प्रत्येक वेळी उष्णता दिसणारच, आणि उष्णता हेच कारण असे वाटणारच. दोन्ही शेजारी ठेवले की कोणती खूण खरोखर वेगळी आहे ते उमगते. बातमीची तारीख म्हणजे मरणाची तारीख नव्हे, हेही लक्षात ठेवावे. मेलेला मासा बहुधा आधी बुडतो आणि शरीरात वायू धरल्यावर वर येतो. कोमट पाण्यात त्याला एखादा दिवस लागतो, थंड पाण्यात अधिक. त्यावर बातमीदार पोहोचण्याचा आणि छापून येण्याचा वेळ धरला तर दोन-तीन दिवस मागे जावे लागते.

इशाऱ्याची परीक्षा घ्यायची असेल तर आणखी एक पथ्य आहे. ईआरए-५ हा घडून गेलेल्या हवामानाचा संच आहे, त्याला पुढे काय झाले ते ठाऊक असते. त्यावर तपासलेला इशारा नेहमीच हुशार ठरतो. ओपन-मेटिओने जुने अंदाज, म्हणजे त्या त्या दिवशी प्रत्यक्षात वर्तवलेले आकडे, वेगळे जपून ठेवले आहेत आणि तेही मोफत दिले आहेत. तीन दिवस आधी आपल्याला काय दिसले असते, हे त्यावरून कळते. ही सोय इतक्या सहजपणे दुसरीकडे मला मिळालेली नाही, आणि केवळ एवढ्यासाठीही मी या सेवेची शिफारस करीन. तापमानाचा अंदाज पाच-सहा दिवस आधी बऱ्यापैकी विश्वासार्ह असतो. वळवाचा मात्र दोन दिवसांपलीकडचा आकडा फार मनावर घेऊ नये.

वळीव हाच या सेवेचा सर्वांत दुबळा भाग आहे, आणि तो केवळ तिचा दोष नाही. ही प्रारूपे भूभागाचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनाला एकच आकडा देतात; ईआरए-५ चा एक चौकोन साधारण २५ किलोमीटरचा असतो, बारीक संचांचा नऊ ते अकरा किलोमीटरचा. जयसिंगपुरात गारा पडाव्यात आणि इचलकरंजीत रस्ता कोरडा राहावा, असा आपला वळीव असतो. प्रारूप त्या सरीची सरासरी संपूर्ण चौकोनावर पसरवते, तिचा जोर कमी दाखवते आणि वेळही चुकवू शकते. सह्याद्रीच्या माथ्यावर तर चौकोनांची ही जाडी फारच नडते. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, शिरोळ तालुक्यात पाचशे-सहाशे, आणि ही दोन्ही ठिकाणे शंभर किलोमीटरच्या आतली. त्यामुळे पावसासाठी मी ओपन-मेटिओवर विसंबत नाही. राज्यात ‘महावेध’ प्रकल्पातून महसूल मंडळांच्या पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली आहेत आणि कृषी विभागाच्या संकेतस्थळावर मंडळनिहाय पाऊस पाहता येतो. पडून गेलेल्या पावसासाठी तोच आकडा घ्यावा. दोन्हींची सांगड घालायला थोडे कष्ट पडतात, पण ते टाळता येण्यासारखे नाहीत.

नदीच्या प्रवाहाचा अंदाज देणारा एक वेगळा विभागही या सेवेत आहे. पुराच्या काळात त्याचा उपयोग होऊ शकतो. उन्हाळ्यातील पंचगंगेसाठी मात्र तो मी बाजूला ठेवला आहे, कारण त्या दिवसांत नदीत किती पाणी आहे हे निसर्ग ठरवत नाही. राधानगरी धरणातून आवर्तन, म्हणजे ठरावीक पाळीचे पाणी, सुटले का, कोणत्या बंधाऱ्याचे बरगे काढले आणि किती उपसा चालू आहे, यावर ते ठरते. पाच किलोमीटरच्या चौकोनात काम करणाऱ्या जागतिक प्रारूपाला आपले बरगे दिसत नाहीत. पाण्याचे तापमानही ही सेवा नद्यांसाठी देत नाही. हवेच्या आठवड्याच्या सरासरी तापमानावरून पाण्याचे तापमान बऱ्यापैकी ताडता येते, पण एका दिवसाच्या आकड्यावरून नव्हे, कारण पाणी हवेच्या मागून तापते आणि मागूनच निवते. एक साधा तापमापक काही आठवडे बंधाऱ्याच्या पाण्यात, सावलीत आणि ठरावीक खोलीवर ठेवून हा संबंध स्वतः बसवणे उत्तम.

अन्य पर्यायांविषयी थोडक्यात. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या नोंदी प्रत्यक्ष मोजलेल्या असतात, म्हणून त्यांचे मोल अधिक आहेच; १९०१ पासूनचा दैनंदिन पावसाचा चौकोनी संच तर दीर्घ अभ्यासासाठी अमूल्य आहे. पण तो सकाळी साडेआठ ते साडेआठ असा दिवसाचा एकच आकडा देतो आणि आपल्याला रात्र तासातासाने हवी असते. ‘मौसम’ आणि ‘मेघदूत’ ही अ‍ॅप वाचण्यासाठी चांगली आहेत, आकडे साठवण्यासाठी नाहीत. अमेरिकेच्या नासाची ‘पॉवर’ ही सेवाही मोफत आणि नीटनेटकी आहे, सूर्यऊर्जेच्या आकड्यांसाठी मी तिच्याशी पडताळाही घेतो, पण तिथे पुढच्या दिवसांचा अंदाज नाही आणि चौकोन अधिक मोठे आहेत.

आता तो मुद्दा, ज्याच्यासाठी हे सगळे लिहिण्याची गरज वाटली. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ कृष्णेत प्रचंड प्रमाणात मासे मेले, तेव्हा ठपका साखर कारखान्याच्या सांडपाण्यावर आला. अशा घटनेत आकड्यांचा तक्ता काढून ‘उष्णता वाढली होती, वारा पडला होता’ असे म्हणणे कोणालाही सोपे आहे, आणि ज्याला जबाबदारी झटकायची आहे त्याला ते फार सोयीचे आहे. उकाड्याची निवांत रात्र चांदोलीच्या जंगलातल्या वारणेवरही येते. तिथे मासे मरत नाहीत, कारण त्या पाण्यात जिवाणूंना कुजवायला काही नसते. हवामान नदीची सहनशक्ती कमी करते, इतकेच; ओझे माणसाने टाकलेले असते. आसवनीच्या (मद्यार्क कारखान्याच्या) सांडपाण्याची जैविक प्राणवायू-मागणी, म्हणजे त्यातील घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू, लिटरमागे हजारो मिलिग्रॅममध्ये असते आणि स्वच्छ नदीची दोन-तीन. हवामान-आकडेवारीवर आधारलेला कोणताही इशारा प्रसिद्ध करताना ‘ओझे माणसाने टाकलेले असते’ हे वाक्य त्याच्यासोबत छापलेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

खरे तर याच आकडेवारीचा उपयोग जबाबदारी निश्चित करण्यासाठी करता येतो. नदीच्या पाण्याचे नियमित नमुने सामान्यतः कार्यालयीन वेळेत घेतले जातात. शेवाळाने भरलेल्या डोहात सकाळी अकरा वाजता ऊन असताना प्राणवायू समाधानकारक आढळतो आणि पहाटे पाचला त्याच जागी तो दोनच्या खाली असू शकतो. कागदावर नदी ठीक दिसते. धोक्याची रात्र तीन दिवस आधी कळत असेल, तर त्या पहाटे बंधाऱ्याच्या वर आणि खाली, आणि प्रत्येक मोठ्या नाल्याच्या मुखाशी नमुने घेता येतात. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. पाण्यातला प्राणवायू मोजण्याच्या विंकलर पद्धतीची रसायने महाविद्यालयाच्या कोणत्याही रसायनशास्त्र विभागात असतात. बाटली हवेचा बुडबुडा न राहू देता पाण्याखालीच भरायची, मँगनीज सल्फेट आणि अल्कधर्मी आयोडाइड घालून उलटसुलट करायची आणि साका बसू द्यायचा. तो तांबूस-तपकिरी असेल तर पाण्यात प्राणवायू आहे, आणि पांढराच राहिला तर जवळपास नाही. नेमका आकडा नंतर प्रयोगशाळेत काढता येतो, पण काठावर उभे असतानाच हा रंग पुष्कळ काही सांगून जातो.

मेलेले मासेही साक्ष देतात, आणि हवामानाचा तक्ता त्या साक्षीसोबत वाचावा. प्राणवायू संपून मरण आले असेल तर आदल्या पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडाने हवा घेताना दिसलेले असतात, आणि मोठे मासे आधी बळी पडतात. मरळ आणि मागूर हे मासे हवेतून श्वास घेऊ शकतात. रोहू, कटला, मृगळ मेले आणि मरळ जिवंत राहिली, तर प्राणवायूचा अभाव संभवतो. मरळही मेली असेल, लहानमोठे मासे एकदमच मेले असतील, आणि तक्त्यात आदल्या आठवड्यात एकही खूण नसेल, तर विषारी द्रव्याचा संशय बळावतो आणि नमुने त्या दृष्टीने तपासायला सांगितले पाहिजे. काठावरच्या मासेमारांना हे फरक पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत. पंचनाम्यात मात्र कोणत्या जातीचे, केवढे मासे होते हे बहुधा लिहिलेच जात नाही. ‘असंख्य मासे मृत’ एवढेच लिहिले जाते, आणि सर्वांत उपयोगी पुरावा पाण्यासोबत निघून जातो.

ओपन-मेटिओकडून माझ्या अपेक्षा दोनच आहेत. कालविभाग न निवडता तक्ता उतरवणाऱ्याला ठळक सूचना मिळावी, आणि मार्गदर्शक पानांवर इंग्रजीखेरीज अन्य भाषांत निदान मूलभूत वापराची माहिती असावी. महाविद्यालयाचा पर्यावरण विभाग, मच्छीमारांची सहकारी संस्था, नदीसाठी काम करणारे गट यांना तिचा सध्याच्या स्वरूपातही निःसंशय उपयोग होईल, फक्त आकडे वापरताना सेवेचा नामनिर्देश करणे परवान्यानुसार बंधनकारक आहे. मत्स्यबीज किंवा मत्स्यशेतीचा व्यवसाय करणाऱ्या कंपनीने मात्र सशुल्क योजना घ्यावी. बाकी जी उणीव उरते ती या सेवेकडून भरून निघणारी नाही. कोणत्या बंधाऱ्याचे बरगे कोणत्या तारखेला काढले आणि घातले, आवर्तन केव्हा सुटले, याची नोंद पाटबंधारे खात्याच्या दप्तरात होतच असते. ती रोजच्या रोज तक्त्याच्या स्वरूपात जाहीर झाली, तर मे महिन्याच्या अखेरीस तेरवाडसाठी दिलेला इशारा आजच्यापेक्षा कितीतरी नेमका होईल.